तागाची उसळती भोकं

पॅसिफिकमधल्या सामोआत फक्त राजधानी आपिया पाहून परतलं तर चालेल का, असं एकाने विचारलंय. छे, शेजारचं सवाई बेट चुकवू नका! आपियाच्याच बेटावरच्या मुलिफानुआ बंदरातून फेरीबोटीने सवाईवरच्या सलेलोलोगाला उतरायचं आणि दक्षिण किनाऱ्यावरचं तागा गाव गाठायचं. तिथे लाव्हाच्या खडकाखाली नळ्या आहेत. लाट आत घुसली की कोंडलेली हवा आणि पाणी वरच्या भोकातून उसळतं. आधी घरघर, मग एकदम फवारा, आणि चष्म्यावर खारट थेंब. गावकरी थोडे पैसे घेऊन भोकात नारळ टाकतात, तो तोफगोळ्यासारखा वर उडतो. नेमकी वेळ त्यांनाच साधते, आपण हौस करू नये. भरती पाहूनच जा, ओहोटीला सगळं मिळमिळीत. आणि ओला खडक भयंकर निसरडा असतो, सेल्फीवाल्यांनी लांबच राहावं.