योशिकीचं 'एक्स्टसी रेकॉर्ड्स': स्वतंत्र लेबल की मोठ्या कंपनीची पायरी?

रात्रपाळी
जपानी रॉकमधल्या स्वतंत्र लेबलांचा (मोठ्या कंपन्यांबाहेरच्या छोट्या रेकॉर्ड कंपन्यांचा) विषय निघाला की 'एक्स्टसी रेकॉर्ड्स'चं नाव आधी घेतलं जातं. 'एक्स' बँडचा ड्रमर आणि पियानोवादक योशिकी याने १९८६ मध्ये आईच्या पैशांवर ते काढलं. कौतुक आहेच. पण एप्रिल १९८८ मध्ये एक्सचा 'व्हॅनिशिंग व्हिजन' हा अल्बम या लेबलवर आला आणि वर्षभरात पुढचा 'ब्लू ब्लड' आला तो थेट सीबीएस/सोनी या बड्या कंपनीकडून. मालकच आधी बाहेर! ल्युना सी बँडचंही तेच: १९९१ चा पहिला अल्बम एक्स्टसीवर, १९९२ चा पुढचा मोठ्या कंपनीकडे. याला स्वातंत्र्य म्हणायचं? ही तर भरतीपूर्व शिकवणी.

आडगावचा
असहमत. 'व्हॅनिशिंग व्हिजन' ओरिकॉनच्या (जपानमधल्या विक्री-क्रमवारीच्या) मुख्य यादीत १९ व्या क्रमांकावर गेला. तेही स्वतंत्र लेबलचा अल्बम असून. म्हणजे ही मंडळी सोनीकडे गेली ती पदर पसरून नव्हे, श्रोते बरोबर घेऊन. 'ब्लू ब्लड'चं मुखपृष्ठ बघा, 'सायकेडेलिक व्हायोलन्स क्राइम ऑफ व्हिज्युअल शॉक' असं ठसठशीत छापलंय. कंपनीच्या जाहिरात खात्याला हे सुचणं शक्य नाही!
शिवाय मालक सोनीकडे गेल्यावर लेबलला कुलूप लागलं का? झी:किल, लेडीज रूम, टोकियो यांकीज एक्स्टसीवरच होते. १९९१ मध्ये तर लेबलच्या बँडांनी मिळून थेट टोकियोच्या निप्पॉन बुडोकान या भल्यामोठ्या सभागृहात कार्यक्रम केला.

खारी_बटर
दोघंही हेवी मेटलच्या बाहेर बघतच नाही आहात. 'नागोमु' घ्या. उचोतेन बँडच्या केराने १९८३ मध्ये काढलेलं लेबल. किन्निकु शोजो ताई, तामा, सगळा विक्षिप्त कारभार. विकलं जाईल का, हा हिशोब तिथे दिसत नाही. (अवांतर: हाच केरा पुढे नाटककार झाला आणि १९९९ मध्ये त्याला किशिदा पुरस्कार मिळाला.)

आडगावचा
@खारी_बटर, आणि तामा? टीव्हीवरच्या बँड स्पर्धेनंतर मोठ्या कंपनीकडे गेले आणि १९९० मध्ये ओरिकॉनवर पहिले आले. रात्रपाळींचा निकष लावला तर नागोमुही शिकवणीच.

कोपऱ्यातला_ड्रमर
फ्री-विल हे लेबल राहिलं की! तेही १९८६ चं, कलर बँडच्या टॉमीचं. दिर आन ग्रे हा बँड १९९९ मध्ये योशिकीच्या निर्मितीखाली एकाच दिवशी तीन सिंगल घेऊन मोठ्या कंपनीतून आला. पण नंतरच्या अल्बमांवर छाप फ्री-विलचीच आहे, वितरण तेवढं मोठ्या कंपनीचं. दुकानांपर्यंत माल पोचवणं हे खर्चाचं काम. ते दुसऱ्यावर टाकलं म्हणून घर त्याच्या नावावर होत नाही. योशिकी-टॉमीची तुलना करायची तर इथे करा, कोण कुठल्या कंपनीकडे गेलं यात काही नाही.

रात्रपाळी
वितरणाचा मुद्दा मान्य, पण तो फ्री-विलचा झाला. एक्स्टसीपुरतं बोलायचं तर ग्ले बँड बघा. हाकोदाते शहरातली पोरं. २५ मे १९९४ ला त्यांचा स्वतंत्र अल्बम एक्स्टसीवर आला आणि त्याच दिवशी मोठ्या कंपन्यांच्या पातळीवरचं पहिलं सिंगल 'रेन' आलं, तेही योशिकीच्याच प्लॅटिनम रेकॉर्ड्सवरून. एका हाताने 'इंडी' (स्वतंत्र) शिक्का, दुसऱ्या हाताने बढती, आणि दोन्ही हात एकाच माणसाचे. यात बँडचं स्वातंत्र्य नेमकं कुठे आलं?

आडगावचा
मग पुढचंही सांगा. याच ग्लेने २०१० मध्ये स्वतःचं लेबल काढलं. हे ते कुणाकडे बघून शिकले असतील?

रात्रपाळी
२०१० मध्ये! म्हणजे १९९९ ला टोकियोजवळच्या माकुहारीत एका कार्यक्रमाला २ लाख लोक जमवून झाल्यावर. तेवढी गर्दी पाठीशी असेल तर उद्या मीही लेबल काढतो, योशिकीला विचारायची गरज नाही.