आईच्या जीन रिपोर्टमध्ये 'अर्थ अनिश्चित' आलंय, मामाची टेस्ट करावी का?

नमस्कार मंडळी, जरा मोठं होईल, सांभाळून घ्या.

आईला अल्झायमर आहे, पन्नाशीच्या आतच सुरू झाला. आजीचंही तसंच झालं होतं, तेव्हा सगळे नुसतं "डोक्यावर परिणाम झालाय" म्हणायचे, आणि आता मावशी फोन ठेवला की पाच मिनिटांत परत फोन करून तेच विचारते. म्हणून न्यूरोलॉजिस्टनी आईचे एपीपी, प्रीसेनिलिन १ आणि प्रीसेनिलिन २ असे लवकर सुरू होणाऱ्या अल्झायमरला कारण ठरणारे तिन्ही जीन तपासायला लावले. तर प्रीसेनिलिन १ मध्ये एक बदल निघालाय, पण तो रोगाचा आहे की असाच निरुपद्रवी हे सांगता येत नाही म्हणे. यालाच व्हीयूएस म्हणतात, अर्थ अनिश्चित असलेला बदल.

रोगाचाच ठरला असता तर आम्हा भावंडांना प्रत्येकी ५० टक्के शक्यता, हिशोब सरळ होता. आता जेनेटिक कौन्सेलर म्हणतात तुम्ही टेस्ट करून उपयोग नाही, बदल सापडला तरी अर्थ लागणार नाही आणि नाही सापडला तरी सुटलो म्हणता येणार नाही.

त्यांनी सुचवलंय की मावशीचं आणि मामाचं रक्त तपासा. मामा सत्तरी ओलांडून ठणठणीत आहे, रमीत अजून सगळ्यांचे पत्ते लक्षात ठेवतो. त्याच्यात हाच बदल निघाला तर बहुतेक हा बदल दोषी नाही, म्हणजे ती चांगली बातमी! हे मामाला पटवायचं कसं, तो टेस्ट म्हटलं की उठून जातो. त्यात भाऊ म्हणतो, मामा अपवाद असला तर? कोलंबियातल्या त्या बाईंचं त्याने वाचलंय, २०१९ मध्ये छापून आलं होतं, घराण्यातल्या बाकीच्यांना चाळिशीतच त्रास सुरू होतो आणि यांना तेच म्युटेशन असून सत्तरीपर्यंत काही नाही, कारण एपीओई ३ ख्राइस्टचर्च नावाच्या दुर्मिळ बदलाच्या दोन्ही प्रती होत्या. आता यावर काय बोलणार.

मावशीला अजून समजतंय तोवर तिची संमती घ्यायला हवी, पण तिच्या मुलीला काही जाणूनच घ्यायचं नाहीये, आणि तो तिचा हक्क आहे.

कुणाच्या घरी व्हीयूएसचं नंतर पक्कं निदान झालंय का, नातेवाइकांच्या टेस्टमुळे की लॅबनेच कळवलं? आणि मामाचा रिझल्ट त्याला न सांगता फक्त तुलनेसाठी वापरतात का? एपीओई ४ चं (अल्झायमरची शक्यता वाढवणारा जीनचा प्रकार) किट मागव असं प्लीज सांगू नका, त्याने फक्त रिस्क कळते, आमचा प्रश्न वेगळा आहे.