फेरोमँगनीज क्रस्ट: कवच, पापुद्रा की पुट?

तळठाव: सागरतळाच्या खनिजांवरचा एक लेख मराठीत आणतोय. समुद्राखालच्या डोंगरांवर, उघड्या खडकावर लोह-मँगनीजचा काळा थर साचत जातो, तो क्रस्ट. मी 'कवच' लिहिलं; तपासणाऱ्यांनी 'भूकवचाशी घोळ होईल' म्हणून परत पाठवलं. 'पापुद्रा' मला पटत नाही, काही ठिकाणी थर २० सेंटिमीटरहून जाड भरतो. शिवाय 'क्रस्टचं वय' लिहू की 'कालमापन'?

खडूफळा: पुट. गंजाची पुटं चढतात म्हणतोच की आपण. पापुद्रा सुटून येतो, पुट चिकटून बसतं.

मूळधातू: पुट म्हणजे मुळात घडी, खोलगट आकार. करसंपुट, नासापुट आठवा. थर हा अर्थ मागाहून आला. 'लेप' निर्दोष आहे.

खडूफळा: लेप कुणीतरी लावतं. हा थर पाण्यातून आपसूक साचतो, तोही दहा लाख वर्षांत साधारण १ ते ५ मिलिमीटर. आणि मूळ अर्थालाच धरून बसायचं तर निम्मी मराठी रद्द करावी लागेल.

स्तरवाचक: नाव काहीही ठेवा, पण 'क्रस्टचं वय' नको. कापलेला तुकडा मी हातात घेऊन पाहिलाय. वरून बोटांना बारीक गुठळ्या लागतात, आत काळ्या-करड्या रेघा, तळाशी मूळ खडक. वरची रेघ आजची, तळची कोट्यवधी वर्षांपूर्वीची. मग वय कुठल्या रेघेचं सांगणार? प्रत्येक थर बारीक ड्रिलनं खरवडून त्याची भुकटी वेगळी तपासतात. वैश्विक किरणांमुळे वातावरणात किरणोत्सारी बेरिलियम-१० तयार होतं, ते समुद्रात उतरून थरात अडकतं. त्याचं अर्धायुष्य, म्हणजे निम्मं उरायला लागणारा काळ, सुमारे १३.९ लाख वर्षं. न घटणाऱ्या बेरिलियम-९ शी त्याचं प्रमाण ३ मिलिमीटर खोलीवर वरच्या थराच्या निम्मं भरलं, तर वाढीचा वेग दहा लाख वर्षांत २ मिलिमीटरहून थोडा जास्त. साधारण एक कोटी वर्षांपलीकडे ते मोजण्याइतकं उरत नाही. तिथे ऑस्मियम धातूच्या समस्थानिकांचं प्रमाण प्राचीन समुद्रातल्या त्याच प्रमाणाच्या आलेखाशी जुळवतात. म्हणून 'थरांची कालनिश्चिती' म्हणा.

मूळधातू: कालनिश्चिती मान्य.

खडूफळा: 'समस्थानिक'बद्दल एक सांगतो. माझ्या एका छापील लेखात मुद्रितशोधकानं त्याचं सगळीकडे 'संस्थानिक' करून टाकलं. तेव्हापासून मी सरळ आयसोटोप लिहितो.

मूळधातू: हा दोष शोधकाचा, शब्दाचा नव्हे. सॉडीनं १९१३ साली स्वीकारलेला मूळ शब्दही ग्रीकमधला 'सम' आणि 'स्थान' जोडूनच झालाय. आवर्त सारणीतली जागा एक, अणुभार निराळे. वाचणाऱ्याला शब्दातच व्याख्या मिळते. ती का फेकून द्यायची?

स्तरवाचक: याच क्रस्टमध्ये लोह-६० ही सापडलंय, पहिल्यांदा १९९९ मध्ये, पॅसिफिकमधल्या नमुन्यात. त्याचं अर्धायुष्य २६ लाख वर्षं, म्हणजे पृथ्वीच्या जन्मावेळचं तर केव्हाच संपलेलं. ते जवळच्या एखाद्या अतिनवताऱ्यातून, म्हणजे स्फोट होऊन मरणाऱ्या ताऱ्यातून (सुपरनोव्हा), आलं असावं. पुढे २० ते ३० लाख वर्षांपूर्वीच्या थरांत ते ठळक दिसलं, आणि त्या थरांचा काळ बेरिलियमनंच लावून दिला.

खडूफळा: अतिनवतारा! मरणाऱ्या ताऱ्याला 'नव'? हा शब्द तर मुळातूनच बदलायला हवा.

मूळधातू: आकाशात नव्यानं दिसला म्हणून नव. मघाशी मूळ अर्थ धरू नका म्हणणारे तुम्हीच ना?

खडूफळा: पुट रुळलेला शब्द आहे. अतिनवतारा पाठ्यपुस्तकाबाहेर कोण बोलतं?

स्तरवाचक: आम्ही बोलतो. रोज.