उडत्या तबकड्यांवर सरकारी पैसा खर्च करावा का?

सांजतारा:

माझं उत्तर हो आहे. आधीच सांगतो, परग्रहावरचे पाहुणे येऊन गेले असं मी मानत नाही. पण आकाशात काय दिसलं याचा तपास पगारी माणसांनी, मोजमापाची यंत्रं घेऊन करावा असं मला वाटतं. फुकटातला तपास कसा असतो ते आपण यूट्यूबवर रोज रात्री बघतोच.

२०२२ साली नासाने या विषयावर १६ जणांची समिती नेमली. अध्यक्ष खगोलभौतिकशास्त्रज्ञ डेव्हिड स्पर्गेल, आणि खर्चाची मर्यादा एक लाख डॉलर. नासाच्या हिशेबात हे चहापाणी. एवढ्यात नवं निरीक्षण काय होणार? तरीही सप्टेंबर २०२३च्या अहवालात एक झकास गणित आहे. 'गो फास्ट' नावाने गाजलेल्या अमेरिकी नौदलाच्या चित्रफितीत एक ठिपका समुद्राला घासून सुसाट जाताना दिसतो. पडद्यावरच्याच आकड्यांवरून त्रिकोणमिती मांडली, तर तो पाण्यालगत नव्हताच. सुमारे १३,००० फुटांवर होता आणि वेग भरला ताशी ४० मैलांच्या आसपास, म्हणजे वाऱ्यावर वाहत जाणाऱ्या वस्तूचा. पळत होतं ते चित्रण करणारं विमान. एसटीच्या खिडकीतून झाडं पळताना दिसतात, त्यातलाच प्रकार.

हे जमलं कारण पडद्यावर आकडे होते. एरवी तेही नसतात. २०२१च्या अमेरिकी गुप्तचर अहवालात १४४ नोंदी होत्या, त्यातली खात्रीने उलगडली फक्त एक, आणि तो हवा जात चाललेला मोठा फुगा निघाला. उरलेल्या १४३ मध्ये गूढ किती आणि माहितीचा दुष्काळ किती, ते कसं ठरवणार?

फ्रान्सने हे काम १९७७ पासून आपल्या अंतराळ संस्थेकडे दिलंय. तुलूझला छोटंसं कार्यालय आहे. लोकांचे जबाब पोलिसांमार्फत येतात, प्रकरणं तपासून वर्गवारी होते आणि कागद सगळ्यांसाठी खुले. नीट तपासूनही न उलगडलेली प्रकरणं शेकड्याला तीनेक. ना आरडाओरडा, ना पत्रकार परिषदा. मला हेच हवंय.

कोपऱ्यातला काका:

भेळ घेऊन बसलोय. होऊ द्या.

हिशेबनीस:

सांजतारा, फ्रान्सचं उदाहरण गोंडस आहे. अमेरिकेतलं का गाळलंत? २००७ ते २०१२ या काळात सिनेटर हॅरी रीड यांच्या पुढाकाराने पेंटागॉनने या विषयावर २.२ कोटी डॉलर घातले. कंत्राट कोणाला? रॉबर्ट बिगेलो यांच्या कंपनीला, म्हणजे ज्यांचा परग्रहवासीयांवर आधीपासून विश्वास आहे अशा उद्योगपतीला. पुढे त्या पैशातून युटामधल्या एका 'झपाटलेल्या' रँचवरचे चमत्कारही शोधून झाले. हे मी नाही, पेंटागॉनच्याच कार्यालयाचा २०२४चा अहवाल म्हणतो. 'गंभीर संशोधन' म्हणून निधी मागायचा आणि भुतं मोजायची! या विषयात पैसा आला की आधी भाविक जमतात. रांगेत पुढे तेच असतात, कारण बाकीच्यांना दुसरी कामं असतात.

आणि हा प्रयोग एकदा करून झालाय हो. अमेरिकी हवाई दलाच्या 'ब्लू बुक' प्रकल्पात १९६९ पर्यंत १२,६१८ नोंदी जमल्या, त्यातल्या ७०१ अनुत्तरित राहिल्या. कोलोरॅडो विद्यापीठात भौतिकशास्त्रज्ञ एडवर्ड कॉन्डन यांच्या समितीने दोन वर्षं सरकारी पैशाने अभ्यास केला आणि निष्कर्ष काढला की आणखी अभ्यासातून विज्ञानाला काही मिळेल असं दिसत नाही. ७०१ हा आकडा लोक पुराव्यासारखा नाचवतात. अहो, पोलीस ठाण्यातही तपास न लागलेल्या चोऱ्या असतात, म्हणून त्या अदृश्य माणसाने केल्या असं ठरत नाही.

सांजतारा:

चोरीचा दाखला आवडला. पण तपास लागत नाही म्हणून कोणी ठाण्याला कुलूप लावत नाही.

कॉन्डन यांच्याबद्दल थोडं. काम चालू असतानाच, १९६७च्या जानेवारीत, त्यांनी एका भाषणात सांगून टाकलं होतं की यात काही तथ्य नाही असं आपलं मत आहे, फक्त निष्कर्ष आणखी वर्षभर काढायचा नाहीये. पंचांनी टॉसच्या आधीच निकाल सांगितला तर चालेल का? त्यांच्याच अहवालातली बरीच प्रकरणं अनुत्तरित आहेत, वाचून बघा. बिगेलोंच्या बाबतीत मात्र १०० टक्के मान्य. मला तसला खर्च नको आहे.

पहाटवारा:

आपल्याकडचा किस्सा कोणी सांगितला नाही म्हणून लिहितो. २०१२-१३ मध्ये लडाखच्या सीमेवर आपल्या जवानांनी आकाशातले दिवे सहा महिन्यांत ३२९ वेळा नोंदवले. चिनी ड्रोन असावेत असा संशय होता. मग भारतीय खगोलभौतिकी संस्थेच्या खगोलशास्त्रज्ञांची मदत घेतली. निघाले कोण? गुरू आणि शुक्र! हसू नका, त्या उंचीवर, त्या स्वच्छ हवेत शुक्र कसा दिसतो ते तिथे जाऊन बघा. मुद्दा असा की चौकशी झाली नसती तर एखाद्या रात्री कोणी शुक्रावर गोळी झाडली असती.

हिशेबनीस:

पहाटवारा, हेच तर मी म्हणतोय. संस्था होती, पंचांगाइतकं सोपं गणित होतं, प्रश्न सुटला. वेगळा विभाग, वेगळा निधी कशाला हवा?

पहाटवारा:

कारण सहा महिने लागले राव. तेही लष्कराने विचारलं म्हणून. तुमच्या-माझ्या फोनवर कोण येणार?

जास्वंदी:

यात नारळीकर सरांची आठवण कशी निघाली नाही? २००१ मध्ये हैदराबादहून टाटा मूलभूत संशोधन संस्थेचा (टीआयएफआर) फुगा ४१ किलोमीटरपर्यंत सोडून वरच्या हवेत जीवाणू आहेत का हे त्यांच्या गटाने तपासलं. इस्रोचा पाठिंबा होता. जीवसृष्टी बाहेरून आली असेल का, हा प्रश्न अनेकांना तेव्हाही खुळचट वाटायचा. आणि हेच सर ज्योतिषांना २०० पत्रिका देऊन हुशार मुलं कोणती आणि मतिमंद कोणती ते ओळखायला लावतात! निकाल नाणं उडवल्यासारखा, शेकडा ४६ बरोबर. प्रश्न खुळचट आहे म्हणून सोडायचा नसतो, कसा तपासायचा ते आधी ठरवायचं असतं.

हिशेबनीस:

ताई, फुगा कधी सोडायचा हे सरांच्या हातात होतं. निर्जंतुक केलेली पोलादी नळकांडी होती, द्रवरूप निऑनने थंड केलेली, ठरलेल्या उंचीवर उघडायची आणि बंद करायची. तबकडी वेळ घेऊन येते का? कुठे यंत्र लावाल, किती वर्षं वाट बघाल?

सांजतारा:

वाट बघणारी यंत्रं लावायची. वादळी ढगांच्या वर क्षणभर लाल झगमगाट दिसतो असं वैमानिक कित्येक वर्षं सांगत होते, कोणी मनावर घेत नव्हतं. १९८९ मध्ये मिनेसोटा विद्यापीठाच्या लोकांनी वेगळ्याच कामासाठी कॅमेरा लावला होता, त्यात तो अपघाताने टिपला गेला. आज त्याला 'स्प्राइट' म्हणतात आणि त्यावर रीतसर शोधनिबंध निघतात. उल्काही तशाच. आकाशातून दगड पडतात असं शेतकरी सांगायचे, विद्वान हसायचे. शेवटी १८०३ मध्ये फ्रान्सच्या ल'एग्ल गावात दगड पडले तेव्हा भौतिकशास्त्रज्ञ जाँ-बाप्तिस्त बियो गावोगाव हिंडून जबाब घेऊन आला, तेव्हा कुठे हसणं थांबलं.

आणि उलटंही घडतं. ऑस्ट्रेलियातल्या पार्क्सच्या रेडिओ दुर्बिणीला विचित्र संकेत वर्षानुवर्षं मिळत होते. २०१५ मध्ये कळलं की मायक्रोवेव्ह बंद व्हायच्या आत कोणीतरी दार उघडत होतं. पण साधारण तसेच दिसणारे दुसरे संकेत खरोखर दूरच्या दीर्घिकांतून आलेले होते. मायक्रोवेव्ह कोणता आणि दीर्घिका कोणती, हे निवडायलाच पगार द्यायचा.

कोपऱ्यातला काका:

आमच्या घरीही डाळ गरम करताना तेच होतं. संकेत येतो, तो हिचा.

जास्वंदी:

काका :) मुख्य आक्षेप राहिलाच. निधीला माझा होकार आहे, 'प्रसारा'ला नाही. नासाने संशोधन संचालक नेमला तेव्हा सुरुवातीला त्याचं नावच सांगितलं नाही, कारण समितीतल्या लोकांना धमक्या आल्या होत्या. गाजावाजा झाला की हे असं होतं. मी नववीला विज्ञान शिकवते. मुलं विचारतात, मॅडम, सरकार लपवतंय ना? त्यांना अहवाल नको असतो, रहस्य हवं असतं.

हिशेबनीस:

इतकं कबूल करतो: माहिती पहिल्या दिवसापासून खुली, मुदत पाच वर्षं आणि कंत्राट भाविकांना नाही, या अटींवर पैसे द्यायला माझी हरकत कमी होईल. जाणार नाही. त्याच पैशात तालुक्याच्या शाळांना दुर्बिणी मिळतात, हे कोणीतरी बोलायला हवं.

झाडीपट्टीकर:

उशिरा आलो. मी चंद्रपूर जिल्ह्यातल्या सिंदेवाहीकडचा. २०२२चा गुढीपाडवा, २ एप्रिलची संध्याकाळ. आम्ही अंगणात बसलो होतो. आकाशात एकामागे एक पेटते गोळे, शेपट्या सोडत, आरामात चाललेले. आवाज नाही. आजी म्हणाली, विमान पडतंय. शेजारी म्हणाला, युद्ध लागलं. रात्री कळलं की लाडबोरीला धातूचं भलंमोठं कडं पडलंय, तीनेक मीटर व्यासाचं. चिनी रॉकेटचा जळालेला भाग असावा असं जाणकारांनी सांगितलं, इस्रोची माणसंही येऊन बघून गेली.

ते कडं पडलं म्हणून माणसं आली. नुसते गोळेच दिसले असते, तर आमच्या गावात आजही आजी आणि शेजारी दोघंही बरोबर राहिले असते. मुंबई-पुण्याच्या मंडळींना माझा एवढाच प्रश्न आहे: त्या संध्याकाळी आम्ही फोन कोणाला लावायचा होता?