'नुसते वाहक' आणि त्यांची रंगदृष्टी

लेबरची आनुवंशिक ऑप्टिक न्यूरोपथी म्हणजे डोळ्याकडून मेंदूकडे जाणारी नस निकामी होऊन नजर जाण्याचा आजार. त्यात घरातल्या बायका 'नुसत्या वाहक' असतात, म्हणजे दोष अंगात असूनही त्यांच्या डोळ्यांना काही होत नाही, असे अनेकदा म्हटले जाते. त्यात दुरुस्ती करावीशी वाटते. मायटोकाँड्रियाच्या (पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या घटकांच्या) डीएनएमधला हा दोष आईकडून सर्व मुलांना मिळतो, म्हणजे वाहक पुरुषही असतात (पुरुष तो पुढे देत नाही, एवढेच). त्यांतल्या अनेकांची नजर शेवटपर्यंत शाबूत राहते, पण अक्षरांचा तक्ता बिनचूक वाचणाऱ्या काही वाहकांतही रंगांमधला, विशेषतः लाल-हिरवा, फरक ओळखण्याची क्षमता मंदावलेली आढळली आहे. डोळ्याच्या पडद्याच्या मध्यभागाकडून निघणारे नसेचे बारीक तंतू ऊर्जेच्या तुटवड्याला आधी बळी पडतात आणि लाल-हिरव्याची माहिती तेच वाहून नेतात, हे त्याचे संभाव्य कारण.

आमच्याकडे वेंगुर्ल्याला माझ्या मामाची नजर या आजाराने गेली. त्याची बहीण, म्हणजे माझी मावशी, वाहक आहे. मे महिन्यात रातांबे (कोकमाची फळे) निवडताना ती प्रत्येक फळ बोटाने दाबून पाहते. हिरव्यात लालसर झाक आलेले फळ तिला नुसत्या नजरेने कळत नाही, आणि आम्ही वर्षानुवर्षे ती तिची सवय समजत होतो. इशिहाराच्या ठिपक्यांच्या पुस्तकात ती फारशी अडखळली नाही, कारण ते मुख्यतः जन्मजात रंगांधत्वासाठी आहे. ८५ रंगीत टोपण्या क्रमाने लावायच्या फार्न्सवर्थ-मन्सेल चाचणीत मात्र तिचा क्रम चुकला. म्हणून वाहकांनी प्रत्येक डोळ्याची स्वतंत्र, सविस्तर रंगचाचणी मागून घ्यावी, आणि धूम्रपान करत असल्यास ते आजच सोडावे, कारण वाहकांमधल्या दृष्टिनाशाशी त्याचा संबंध दिसून आला आहे.