शब्दचर्चा : ‘पीनट बटर बार’ वहीत मराठीत कसा लिहावा?

मूळ प्रश्न (सांगली)

माझी भाची अमेरिकेत लहानाची मोठी झाली. गेल्या दिवाळीत ती आमच्याकडे आली, तेव्हा शाळेत असताना दुपारच्या जेवणाच्या ताटात मिळणारा एक गोड पदार्थ तिने आमच्या छोट्या ओव्हनमध्ये करून दाखवला. पीनट बटर, लोणी, साखर, मैदा आणि ओट्स एकत्र करून तो गोळा साच्यात थापायचा, भाजायचा, गरम असतानाच त्यावर पीनट बटरचा पातळ हात फिरवायचा, वर चॉकलेटचा थर द्यायचा आणि पूर्ण गार झाल्यावर चौकोनी तुकडे करायचे, अशी त्याची कृती आहे. तिकडे १९४६ च्या कायद्याने शाळांतील दुपारच्या जेवणाला कायमचा सरकारी आधार मिळाला, आणि सरकारी खरेदीतून शाळांकडे येणाऱ्या शिध्यात पीनट बटरही असे. त्यामुळे तिच्याआधीच्या पिढ्यांनाही हा तुकडा खाताना शाळाच आठवते, असे तिने सांगितले.

आमच्या घरी सासूबाईंच्या काळापासून चालत आलेली पाककृतींची वही आहे. ती पहिल्या पानापासून मराठीत आहे आणि हा पदार्थही मला त्याच वहीत, त्याच भाषेत लिहायचा आहे. तीन शब्दांपाशी माझा हात थांबला. पहिला ‘बार’, दुसरा ‘पीनट बटर’ आणि तिसरा भाचीने पदार्थाच्या नावाआधी लावलेला ‘नॉस्टॅल्जिक’. परके शब्द नकोत असा माझा आग्रह नाही, कारण ओव्हन आणि चॉकलेट मी जसेच्या तसे लिहिणार आहे. परंतु शेंगदाण्याइतक्या आपल्या घरातल्या वस्तूसाठी आपल्याकडे शब्द नसावा, हे मनाला पटत नाही. जाणकारांनी मत द्यावे.

प्रतिसाद (कऱ्हाड)

ताई, पहिल्या शब्दाचे उत्तर आपल्या न्हाणीघरात आहे. इंग्रजीत ज्याला साबणाचा बार म्हणतात, त्याला आपण कित्येक वर्षे साबणाची वडी म्हणत आलो आहोत. देवघरात कापराचीही वडीच असते. इंग्रजी एकाच शब्दावर भागवते, मराठी मात्र वस्तू पाहून शब्द निवडते : सोन्याची लगड, खिडकीचा गज, लोखंडाची सळई, आणि थापून, कापून किंवा साच्यात दाबून केलेली, हातात मावणारी जी वस्तू असते ती वडी.

मूळ संस्कृत ‘वटी’ म्हणजे लहान गोळी. आयुर्वेदातल्या चंद्रप्रभा वटीत तो अर्थ अजून टिकून आहे. मराठीत मात्र वडी कधीतरी चपटी झाली आणि तिला कोपरे आले. नारळाची वडी, तिळाची वडी, आल्याची वडी, पाटवडी या सगळ्या थापून कापलेल्या आहेत. सुरळीची वडी गुंडाळलेली आणि अळूची वडी गुंडाळून, उकडून, कापलेली असते, म्हणजे शब्द किती ऐसपैस आहे ते दिसते. शिजवण्याच्या रीतीचीही त्याला अट नाही. वाफवलेली, तळलेली, पाकात आळवलेली अशी कोणतीही वडी चालते, मग भाजलेली का चालू नये?

आणखी एक गोष्ट क्रियापदाची. आपण वड्या ‘पाडतो’. गरम गोळा तूप लावलेल्या ताटात थापायचा, तो कोमट असतानाच सुरीने रेघा मारायच्या आणि गार झाल्यावर त्या रेघांवर वड्या सुट्या करायच्या, ही सगळी रीत ‘पाडणे’ या एका शब्दात येते. आपल्या भाचीच्या पदार्थात तुकडे गार झाल्यावर करतात, कारण गरम असताना सुरी लावली तर तो भुगा होणार. तेव्हा कृतीत ‘वड्या कापाव्यात’ असे लिहावे. नाव वडीच राहील.

‘बर्फी’ सुचवण्याचा मोह कोणाला झाला तर तो आवरावा, असे मला वाटते. तो शब्द फारसीतल्या ‘बर्फ’वरून आला आहे आणि त्यात खव्याचा किंवा साखरेचा पांढरा, विरघळणारा मऊपणा गृहीत आहे. ‘चिक्की’ आणि जत्रेतली ‘गुडदाणी’ पाकाच्या जोरावर कडक होतात, त्यामुळे त्याही बाद. आषाढात आपल्याकडे तळतात त्या ‘कापण्यां’चे नाव कापण्यावरूनच पडले आहे आणि तो शब्द मला मनापासून आवडतो, पण कापण्या म्हटले की गूळ-कणकेचे तळलेले शंकरपाळ्याच्या आकाराचे तुकडेच डोळ्यांसमोर येतात. तो शब्द दुसऱ्या पदार्थाला देणे योग्य होणार नाही.

प्रतिसाद (सातारा)

वडीबाबत पूर्ण सहमत आहे. खरा पेच ‘पीनट बटर’चा आहे, म्हणून त्यावर थोडे विस्ताराने लिहितो.

‘बटर’ या शब्दाला मराठीत आधीच दोन घरे आहेत. एक म्हणजे दुकानातून आणलेले पिवळे, खारट लोणी. घरी ताक घुसळून काढलेल्या पांढऱ्या गोळ्याला आपण बटर म्हणत नाही, ते लोणीच. दुसरे म्हणजे बेकरीतले कडक, गोल बटर, जे खारी आणि टोस्टच्या शेजारच्या बरणीत असते आणि चहात बुडवून खाल्ले जाते. माझ्या आजोबांना कोणी ‘पीनट बटर’ म्हटले असते, तर त्यांनी दाणे लावलेले बटर समजून चहा मागितला असता, आणि त्यांच्या मराठीप्रमाणे ते बरोबरच ठरले असते.

‘शेंगदाण्याचे लोणी’ हे भाषांतर पाकिटांवर आणि लेखांत दिसते. त्यावर आक्षेप असा घेतला जातो की, लोणी घुसळून निघते आणि हे तर दळून होते. लोणी हा शब्द संस्कृत ‘नवनीत’ यातून आला, म्हणजे नुकतेच काढलेले. दाण्यातून असे काही वेगळे काढलेले नाही, अख्खा दाणाच त्यात आहे. आक्षेप खरा आहे. पण ज्या भाषेतून नाव आले, तिथेही ते नाव कृतीवरून पडलेले नाही. पीनट बटर म्हटले की मराठी वाचकाला अमेरिकी कृषिशास्त्रज्ञ जॉर्ज वॉशिंग्टन कार्व्हर आठवतात. कार्व्हर यांनी १९१६ मध्ये भुईमुगापासून खाण्याचे १०५ प्रकार सांगणारी पुस्तिका काढली हे खरे, परंतु दाण्याच्या अशा लगद्याचे पेटंट मॉन्ट्रियलच्या मार्सेलस एडसन यांना १८८४ मध्येच मिळाले होते. आपला लगदा गार झाल्यावर लोण्यासारखा, चरबीसारखा किंवा मलमासारखा घट्ट होतो, असे वर्णन त्यांनी त्यात केले आहे. म्हणजे ‘बटर’ हे पोताचे नाव आहे. डच लोक तर याच वस्तूला ‘पिंडाकास’, म्हणजे दाण्याचे चीज म्हणतात, कारण तिथे ‘बटर’ हा शब्द कायद्याने दुधाच्या लोण्यासाठी राखलेला होता, असे सांगतात. नाव पोतावरून द्यायचे असेल, तर ‘दाण्याचे लोणी’ म्हणायला मराठीत अडचण नाही. ‘लोण्यासारखे मऊ’ हे आपण रोज म्हणतो.

तरीही माझे मत थोडे वेगळे आहे. आपल्या स्वयंपाकघरात या वस्तूची पहिली पायरी रोज होते, ती म्हणजे कूट. दाणे खरपूस भाजायचे, चोळून सुपात पाखडायचे, फोलपटे उडवायची आणि कुटायचे. कूट कोरडे असते, कारण दाण्यातले तेल अजून आतच असते. दाण्याच्या वजनाचा जवळजवळ निम्मा भाग तेल आहे. मिक्सर थांबवला नाही, तर कूट आधी भांड्याच्या कडांना चिकटते, मग त्याचा गोळा होतो, आणि आणखी काही मिनिटांनी तोच गोळा सैल होऊन चकाकू लागतो. या क्षणासाठी मराठीत नेमका वाक्प्रचार आहे : दाण्याला ‘तेल सुटते’. उखळात कुटलेली शेंगाची चटणी करणाऱ्या बाईला हे वेगळे सांगावे लागत नाही, तिची चटणी तेल सुटल्याशिवाय पुरी होतच नाही. म्हणून वहीत साहित्यात ‘दाण्याचे लोणी’ लिहावे आणि कृतीत ‘कुटाला तेल सुटून ते लोण्यासारखे होईपर्यंत फिरवावे’ असे लिहावे. पन्नास वर्षांनी वही उघडणाऱ्याला बाटली विकत मिळाली नाही, तरी पदार्थ करता येईल.

जाता जाता : ‘दाण्याचा कूट’ आणि ‘दाण्याचे कूट’ ही दोन्ही रूपे आपल्या भागात ऐकू येतात. माझ्या आईच्या तोंडी नपुंसकलिंगी आहे, म्हणून मी तसे लिहिले.

प्रतिसाद (जत)

‘दाणा’ की ‘शेंगदाणा’ की ‘शेंगा’, हेही ठरवावे लागेल. आमच्याकडे नुसते ‘शेंगा’ म्हटले की भुईमूगच. वाल-गवारीला त्यांचे नाव जोडावे लागते, भुईमुगाला लागत नाही. टिळकांच्या लहानपणाची टरफलांची गोष्ट शाळेत सांगतात, तिच्यातही कसल्या शेंगा ते कोणी विचारत नाही. सीमेपलीकडच्या कानडीतही ‘शेंगा’ हाच शब्द आहे. संक्रांतीला आमची शेंगाची पोळी आणि त्यांची शेंगा होळिगे एकाच चवीची असते. पीक मात्र ‘भुईमूग’. फूल गळल्यावर त्याच्या आऱ्या, म्हणजे देठासारखे कोंब, खाली वळून मातीत शिरतात आणि तिथे शेंग धरते, हे सगळे त्या नावातल्या ‘भुई’त आहे. स्वयंपाकघरात आलेला तो ‘दाणा’. शेंग शेतातून येते, दाणा डब्यात राहतो. वहीसाठी ‘दाण्याची वडी’ हेच बरे.

मूळ प्रश्नकर्ती (सांगली)

सर्वांची मनापासून ऋणी आहे. वडी आणि दाण्याचे लोणी हे दोन्ही ठरले. तिसऱ्या शब्दावर मी स्वतः बराच विचार केला, तो इथे मांडते.

‘नॉस्टॅल्जिया’ हा शब्द योहान्नेस होफर या वैद्यकाच्या विद्यार्थ्याने १६८८ मध्ये बाझेल येथे आपल्या प्रबंधासाठी घडवला. घरी परतणे आणि वेदना या अर्थाचे दोन ग्रीक शब्द त्याने जोडले, कारण घरापासून दूर राहून खंगणाऱ्या माणसांच्या आजाराला त्याला नाव द्यायचे होते. मराठीत यासाठी ‘स्मरणरंजन’ चांगले रुळले आहे, पण त्यात रंजन आहे आणि वेदना नाही. ‘गतकातरता’त वेदना आहे, पण तो शब्द पाककृतीच्या वहीत तुपाच्या डागांशेजारी कसा शोभेल? भाची ती वडी तोडताना हसत होती आणि तिचे डोळेही भरले होते. त्या दोन्ही गोष्टी पेलणारा विशेषणाचा शब्द मला सापडला नाही, म्हणून मी ‘आठवणीतली’ लिहिणार आहे. सासूबाईंनीही वहीत एके ठिकाणी ‘आठवणीतले धपाटे’ असे लिहून ठेवले आहे. ते त्यांच्या माहेरचे होते आणि माहेर पुढे राहिले नाही. त्यांच्या हाताखालून गेलेला शब्द मला पुरेसा वाटतो.

एक नवी अडचण मात्र उरली. या वडीच्या कडा खुसखुशीत होतात, पण मधला भाग दातांना किंचित धरतो, आणि भाचीच्या मते तोच तिचा खरा गुण आहे. आपल्याकडे ‘चिवट’ आणि ‘चामट’ ही दोन्ही तक्रारीची विशेषणे आहेत. स्तुतीचा शब्द कोणता?

प्रतिसाद (कऱ्हाड)

स्तुतीचा स्वतंत्र शब्द नाही, असे माझे मत झाले आहे; खुसखुशीत, कुरकुरीत, लुसलुशीत या तिन्हींत दाताला अडवणारे काही नाही. पण भट्टीवर आळवलेला गूळ ताटात घेताना आमच्याकडे ‘ओढ धरली’ म्हणतात. ‘मधोमध थोडी ओढ असावी’ असे लिहिले, तर कऱ्हाडचा वाचक तरी चुकणार नाही.

मूळ प्रश्नकर्ती (सांगली)

घेतला. काल रात्री वहीत उतरवले ते असे :

‘आठवणीतली दाण्याची वडी. वीस सेंटीमीटरच्या चौकोनी साच्यासाठी. १०० ग्रॅम लोणी आणि १५० ग्रॅम किसलेला गूळ फेसून घ्यावा. त्यात एक अंडे आणि १५० ग्रॅम दाण्याचे लोणी घालावे. दाणे खवट नाहीत ना, हे आधी एकेक चाखून पाहावे, कारण एक खवट दाणा सगळी चव घालवतो. १२५ ग्रॅम मैदा, ७५ ग्रॅम ओट्स, पाव चमचा सोडा आणि चिमूटभर मीठ मिसळून गोळा थापावा. १८० अंशांवर वीस मिनिटे भाजावे. कडा खरपूस दिसल्या की बाहेर काढावे, मधोमध थोडी ओढ असावी. गरम असतानाच वरून आणखी ७५ ग्रॅम दाण्याचे लोणी पसरावे, ते आपसूक सैल होते. मग चॉकलेट वितळवून ओतावे. पूर्ण गार झाल्याशिवाय वड्या कापू नयेत.’

साखरेऐवजी गूळ हा बदल माझा आहे. भाचीला तो फोनवर सांगितला, तेव्हा तिने तिकडे ‘ओढ’ आणि ‘तेल सुटणे’ हे दोन शब्द तिच्या मुलाला शिकवण्यासाठी लिहून घेतले.