मदत हवी आहे: बोनेअरला डायव्हिंगला जातोय. कार्ड न्यावं की रोख? आणि पाण्यात असताना पैसे ठेवायचे कुठे?

नमस्कार मंडळी,

फेब्रुवारीत मी, नवरा आणि उत्रेख्तला राहणारी माझी नणंद असे तिघं अ‍ॅमस्टरडॅमहून कॅरिबियन समुद्रातल्या बोनेअर बेटावर जातोय, दहा दिवसांसाठी. व्हिसा, विमान, राहायची जागा सगळं ठरलंय. घोडं अडलंय ते पैशांपाशी.

नणंद म्हणते, डच बेट आहे, माझं तिकडचं बँक कार्ड आहे, युरो आहेत, काळजी करू नकोस. पण मी वाचलं त्याप्रमाणे तिथलं चलन अमेरिकन डॉलर आहे. युरो तिथे कोणी घेईल का? आम्हा दोघांकडे एकेक क्रेडिट कार्ड आहे आणि एक रुपे डेबिट. फॉरेक्स कार्ड (आधी परकीय चलन भरून ठेवायचं प्रीपेड कार्ड) काढावं का? रोख किती न्यावी?

आणि खरी चिंता वेगळीच आहे. आम्ही दोघं तारकर्लीला डायव्हिंग शिकलो. तिथे बोट त्यांची, माणसं त्यांची. पाकीट बोटीवर कुणाच्या तरी हाती देऊन निवांत उडी मारायची. बोनेअरला पिकअप भाड्याने घ्यायचा, मागे सिलिंडर टाकायचे, रस्त्याकडेला डायव्हची जागा दाखवणारा पिवळा रंगवलेला दगड दिसला की थांबायचं आणि चालत समुद्रात शिरायचं. तिघंही एकदम पाण्यात, काठावर कोणी नाही. गाडीत काही ठेवू नका, असं जिथे तिथे वाचलंय. मग कार्डं, पैसे, किल्ली, फोन यांचं करायचं काय? कोणी जाऊन आलं असेल तर कृपया सविस्तर सांगा. दोन वर्षं साठवून ही सहल करतोय, पहिल्याच दिवशी कार्ड हरवून बसायला नको.

प्रतिसाद १

ताई, युरो घरीच ठेवा. नेदरलँड्स अँटिल्स (कॅरिबियनमधल्या डच बेटांचा गट) 10 ऑक्टोबर 2010 रोजी बरखास्त झालं आणि बोनेअर नेदरलँड्सची खास नगरपालिका झाली. पण युरो आला नाही. 1 जानेवारी 2011 पासून तिथे अमेरिकन डॉलरच चालतो, नोटाही त्याच आणि नाणीही तीच. नणंदबाईंनी निघण्याआधी आपल्या कार्डाचा युरोपबाहेरचा वापर चालू आहे ना, हे बँकेच्या अ‍ॅपमध्ये बघून घ्यावं.

आम्ही मागच्या वर्षी पुण्याहून गेलो होतो. डायव्ह सेंटर, हॉटेल, सुपरमार्केट, बरीचशी रेस्टॉरंट, सगळीकडे व्हिसा आणि मास्टरकार्ड चाललं. रुपे एटीएमपुरतं असू द्या, त्याच्या भरवशावर मात्र जाऊ नका. स्टिनापाची (तिथलं सागरी उद्यान सांभाळणारी संस्था) निसर्ग फी (डायव्हरला 40 डॉलर, त्या कॅलेंडर वर्षापुरती) आणि बेटाचा प्रवेश कर (आम्ही गेलो तेव्हा माणशी 75 डॉलर) हे दोन्ही घरून ऑनलाइन भरून निघालो. तुम्हीही तसंच करा. भारतात बसून भरलं की ओटीपी आला तरी फोन हातात असतो. तिथे गेल्यावर भारतातलं सिम रोमिंगवर नसेल तर ओटीपी येणार कुठून? आमचं नेमकं हेच झालं. तिसऱ्या दिवशी बँकेने संशयास्पद व्यवहार म्हणून कार्ड बंद केलं, आणि चालू करायला लागणारा ओटीपी पुण्यातल्या कपाटात ठेवलेल्या सिमवर. बोनेअर आपल्यापेक्षा साडेनऊ तास मागे आहे, त्यामुळे तिथली संध्याकाळ म्हणजे इथली ऐन झोपेची वेळ. बायकोचं दुसऱ्या बँकेचं कार्ड होतं म्हणून निभावलं. तेव्हा दोघांची कार्डं दोन वेगळ्या बँकांची हवीत आणि दोन्ही सिमं रोमिंगसह बरोबर हवीत. हे अगदी कळकळीने सांगतो.

प्रतिसाद २

मी फॉरेक्सच्या कामात बरीच वर्षं आहे, म्हणून पैशांच्या बाजूचं लिहिते.

आधी बँकेच्या अ‍ॅपमध्ये कार्डाचा आंतरराष्ट्रीय वापर चालू करा. 2020 पासून रिझर्व्ह बँकेच्या नियमाने नवं कार्ड फक्त देशातल्या वापरापुरतं चालू येतं. दुकान, एटीएम, ऑनलाइन आणि टॅप यांची बटणं वेगवेगळी असतात. लोक एक चालू करतात आणि बाकीची विसरतात.

साध्या क्रेडिट कार्डावर बहुधा साडेतीन टक्के मार्कअप (परकीय चलनातल्या खर्चावरचं बँकेचं जादा शुल्क) लागतो, त्यावर 18 टक्के जीएसटी. म्हणजे शंभर डॉलरमागे 4.13 डॉलर जास्तीचे. दीड हजार डॉलर खर्च केलेत तर बासष्ट डॉलर नुसते मार्कअपचे. मार्कअप न लावणारी कार्डंही मिळतात, वेळ आहे तर एक काढून ठेवा. मशीनवर "रुपयात देणार की डॉलरमध्ये" असं आलं तर दर वेळी डॉलर निवडा. रुपये निवडलेत तर दर दुकानाच्या बाजूचा लागतो आणि तो महागच पडतो.

फॉरेक्स कार्ड जरूर घ्या, पण पिकअपच्या अनामतीसाठी नको. गाडीवाले क्रेडिट कार्डावर रक्कम अडकवून ठेवतात, प्रीपेड कार्ड बरेच जण घेत नाहीत. घेतलंच तर तुमचे पैसे कित्येक दिवस अडकतात आणि ऐन सहलीत कार्ड रिकामं. गाडी ज्याच्या नावावर, क्रेडिट कार्डही त्याच्याच नावाचं लागतं. यजमान चालवणार असतील तर त्यांचं पुढे करा. आणि क्रेडिट कार्डाने एटीएममधून पैसे काढू नका, पहिल्या दिवसापासून व्याज लागतं. त्यासाठी फॉरेक्स किंवा डेबिट.

रोख नोटा एका सहलीला माणशी 3000 डॉलरपर्यंत नेता येतात, पण तुम्हाला त्याच्या जवळपासही लागणार नाहीत. तिघांना मिळून चारशे-पाचशे पुरेत. मात्र इथे काउंटरवर शंभराच्या नोटा हातात ठेवतात. थोडं अडून बसा आणि एक, पाच, दहा, वीसच्या मागून घ्या. तिथे छोट्या ठिकाणी मोठी नोट नाकारतात.

धागाकर्ती

दोघांचे मनापासून आभार! दोन्ही सिमं रोमिंगसह न्यायची हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. आमची दोन्ही कार्डं एकाच बँकेची आहेत, उद्याच दुसरीकडे अर्ज करते. पण काठावरचा प्रश्न अजून राहिलाच. शिवाय परतीच्या वाटेवर शेजारच्या कुरासाव बेटावर दीड दिवस थांबतोय, तिथेही डॉलरच का?

प्रतिसाद ३

मी न्यू जर्सीहून चार वेळा बोनेअरला गेलेय, त्यामुळे काठावरचं मी सांगते.

गाडीत काहीही ठेवायचं नाही, हे अगदी शब्दशः घ्या. चप्पल, टॉवेल, पाण्याची बाटली, बस. तिथले लोक गाडी कुलूप न लावता, काचा खाली करून सोडतात. बंद गाडी दिसली की आत काहीतरी आहे असं चोराला वाटतं आणि मग काच फुटते. आमच्या शेजारच्या पिकअपची अशीच फुटली होती, आत नुसती एक रिकामी पिशवी होती. त्या बाईंचा रडवेला चेहरा मला अजून आठवतो. गाडी घेताना काच आणि चोरी विम्यात येते का, ते नीट विचारून घ्या.

पासपोर्ट, जास्तीची कार्डं, फोन खोलीतल्या तिजोरीत. फोनच्या त्या वॉटरप्रूफ पिशव्या खोल पाण्यासाठी नसतात. दहा मीटरवर दाब दुप्पट होतो, आतली हवा निम्मी होते आणि शिवण कुठे कच्ची असेल तर तिथून पाणी आत. किल्ली रिमोटची नको, साधी लोखंडी मागा. ती दोरीने बीसीच्या (डायव्हिंगच्या हवेच्या जॅकेटच्या) आतल्या रिंगला बांधायची आणि चेनच्या खिशात टाकायची.

राहिले पैसे. मी वीसच्या दोन आणि पाचच्या दोन नोटा घडी घालून बीसीच्या त्याच खिशात ठेवते. डॉलरची नोट कापूस आणि लिननची असते, भिजली तरी फाटत नाही. हिल्मा हूकर या बुडालेल्या जहाजावरून वर आल्यावर मी नोटा डॅशबोर्डवर पसरते, त्यावर मास्क ठेवते. शहरात, क्रालेनडाइकला पोचेपर्यंत कडक वाळलेल्या असतात, फक्त कडेला मिठाची पांढरी रेघ उमटते. त्यातच रस्त्याकडेचं जेवण होतं. कार्ड मी पाण्यात कधीच नेत नाही. पेट्रोल, किराणा ही कार्डाची कामं मी डायव्हनंतर खोलीवर जाऊन, आंघोळ करून मग करते. बोटीवरून डायव्ह करणार असाल तर तिथल्या लोकांना द्यायची टिपही रोखच लागते, ती वेगळ्या पाकिटात काढून ठेवा.

कुरासावला 31 मार्च 2025 पासून कॅरिबियन गिल्डर हे नवं चलन आहे. डॉलरला 1.79 हा दर बांधलेला आहे. डॉलर बहुतेक ठिकाणी घेतात, पण सुटे गिल्डरमध्ये येतात. कोणी जुनी अँटिलियन गिल्डरची नोट पुढे केली तर घेऊ नका, ती आता दुकानात चालत नाही. दीड दिवसासाठी कार्ड वापरा आणि गिल्डर साठूच देऊ नका.

धागाकर्ती

ताई, अगदी हेच हवं होतं! नवऱ्याला वाचून दाखवलं, तो लगेच बीसीच्या खिशाची चेन तपासायला उठला. एकच शेवटचं विचारते: गाडीवाल्याकडे साधी किल्ली नसेलच, तर रिमोटवाली कुठे ठेवता?

प्रतिसाद ३

तशी वेळ एकदा आली होती. डायव्हिंगच्या दुकानात स्क्रूच्या झाकणाची, रबरी रिंग असलेली छोटी कडक डबी मिळते. तिच्यावर किती मीटरपर्यंत चालते ते छापलेलं असतं, तुमच्या डायव्हपेक्षा जास्त आकड्याचीच घ्या. पहिल्या डायव्हला आत किल्ली न घालता टिश्यू पेपर घालून न्या. वर आल्यावर तो कोरडा निघाला, तरच दुसऱ्या डायव्हला किल्ली.